हक्क आणि ऋण : प्रताधिकार कायद्याच्या मर्यादेविषयी

१

मराठी पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठामागे बारीक टाइपात 'सर्व हक्क स्वाधीन' अशी एक ओळ छापण्याची प्रथा जुनी आहे. ही ओळ सहसा कोणी वाचत नाही. हे 'सर्व' हक्क म्हणजे नेमके कोणते, ते कोणाच्या स्वाधीन आणि किती काळ, हे प्रश्नही फारसे कोणाला पडत नाहीत. उलट, एखाद्या नाटकावर, कादंबरीवर किंवा प्रबंधावर उचलेगिरीचा आरोप झाला, की जो वाद माजतो त्यात कायद्याचा हवाला मात्र मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो. आरोप करणारा म्हणतो, ही चोरी आहे आणि म्हणून कायद्याने तिला शासन झाले पाहिजे. ज्याच्यावर आरोप आहे तो म्हणतो, कायद्याने हा अपराध ठरत नाही आणि म्हणून ही चोरी नाही. वरवर पाहता हे दोघे परस्परविरोधी बोलत असतात. पण एक गृहीतक दोघांनाही मान्य असते. वाङ्मयातील नैतिक अपराध आणि प्रताधिकाराचा भंग या मुळात एकच गोष्टी आहेत, हे ते गृहीतक होय.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. 'वाङ्मयचौर्य' ही आपल्याकडे रूढ झालेली संज्ञाच या गोंधळाला कारणीभूत आहे, असे म्हणता येईल. चौर्य म्हटले की धन आले, धन आले की धनी आला, आणि धनी आला की त्याच्या मालकीचे रक्षण करणारे न्यायालय आले. मग मालकीचा प्रश्न निकालात निघाला की नैतिक प्रश्नही निकालात निघाला, असा समज होतो. परंतु प्रताधिकाराचा कायदा नेमके कशाचे रक्षण करतो आणि कशाचे रक्षण करण्याचे जाणीवपूर्वक नाकारतो, हे नीट पाहिले तर असे दिसते की, साहित्यव्यवहारातील सर्वांत गंभीर अपराध बहुधा त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतात. ते तेथे राहतात हा कायद्याचा दोष नव्हे. त्यांचा विचार करण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

२

भारतात सध्या अंमलात असलेला कायदा १९५७ चा. तो जानेवारी १९५८ मध्ये लागू झाला आणि त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. त्याची मूलतत्त्वे थोडक्यात अशी सांगता येतील. साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती, चित्र-शिल्पादी कलाकृती, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांना प्रताधिकार लाभतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. कृती मूर्त स्वरूपात आली की हक्क आपोआप निर्माण होतो. हा हक्क म्हणजे एकच एक वस्तू नसून हक्कांची जुडी आहे. प्रती काढणे, प्रकाशित करणे, लोकांसमोर प्रयोग करणे, भाषांतर करणे, रूपांतर करणे, चित्रपट काढणे हे त्या जुडीतील निरनिराळे हक्क होत. ते वेगवेगळे विकता येतात, ठरावीक मुदतीपुरते देता येतात, वारसांकडे जातात. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो.

कायदा ज्यांचे रक्षण करीत नाही त्यांची यादीही तितकीच महत्त्वाची आहे. घटना, तथ्ये, कल्पना, विषय, सिद्धांत, पद्धती यांना प्रताधिकार नाही. केवळ शीर्षकालाही तो सहसा मिळत नाही. 'देसी बॉइज' या चित्रपटनामाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हीच भूमिका घेतली. शिवाय, खाजगी अभ्यास, संशोधन, टीका किंवा परीक्षण यांसाठी केलेला उचित वापर हा हक्कभंग मानला जात नाही. किती शब्द उद्धृत केले म्हणजे वापर अनुचित ठरतो, याचे कोष्टक मात्र कायद्याने दिलेले नाही.

यातील मुदतीची अट विशेष विचारणीय आहे. घर किंवा शेत साठ वर्षांनी सार्वजनिक होत नाही, पुस्तक होते. इंग्लंडमध्ये १७१० च्या कायद्याने प्रथम लेखकाला हक्क दिला तोच चौदा वर्षांचा होता, आणि लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षांचा. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी पुढे असा युक्तिवाद केला की, लेखकाच्या श्रमातून निर्माण झालेली ही मालमत्ता स्वभावतःच शाश्वत आहे आणि ती त्यांनी विकत घेतलेली असल्याने कायमची त्यांची आहे. जेम्स टॉमसन या कवीच्या 'द सीझन्स' या काव्याच्या निमित्ताने उद्भवलेल्या खटल्यात १७७४ साली उमरावांच्या सभागृहाने हा दावा फेटाळला. प्रकाशित कृतीवरील हक्क हा कायद्याने दिलेला आणि म्हणून कायद्याने मर्यादित केलेला हक्क आहे, ही भूमिका तेव्हापासून स्थिरावली.

मुदत किती असावी याला मात्र कोणतेही तात्त्विक उत्तर नाही, आणि भारतातील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९५७ च्या कायद्यात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपत होता. त्या पार्श्वभूमीवर मुदत साठ वर्षांची करण्यात आली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती सर्वच लेखकांना लागू झाली. त्यामुळे १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २००१ ऐवजी २०११ च्या आरंभी सर्वांसाठी खुले झाले. एका भाषेतील एका कवीच्या संदर्भात घेतलेल्या निर्णयाने दुसऱ्या भाषेतील वाचकांचा दहा वर्षांचा हक्क पुढे ढकलला गेला. जो हक्क अशा रीतीने लांबवता किंवा आखडता येतो तो निसर्गदत्त असू शकत नाही. तो समाजाने लेखकाशी केलेला करार आहे : काही काळ लाभ तुझा, त्यानंतर ग्रंथ सर्वांचा. आणि करार मोडणे व चोरी करणे या नैतिकदृष्ट्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

३

कायदा अभिव्यक्तीचे रक्षण करतो, कल्पनेचे नाही, हे प्रताधिकाराचे मूलसूत्र आहे. साहित्याच्या अभ्यासकाला या सूत्राने अस्वस्थ वाटणे स्वाभाविक आहे. आशय आणि अभिव्यक्ती यांचे द्वैत नाकारण्यातच आधुनिक मराठी समीक्षेची कित्येक दशके खर्ची पडली. मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांच्या लयबद्ध संघटनेत शोधले. त्यानंतरच्या रूपवादी समीक्षेने आशय अभिव्यक्तीपासून सोलून वेगळा काढता येत नाही हे पुनःपुन्हा सांगितले. न्यायाधीशाला मात्र नेमके हेच सोलण्याचे काम करावे लागते.

या दृष्टीने आर. जी. आनंद यांच्या खटल्याचा निकाल कोणत्याही साहित्यशास्त्रीय निबंधाइतका लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. आनंद यांचे 'हम हिंदुस्थानी' हे हिंदी नाटक १९५४ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचा विषय प्रांतवाद : एक पंजाबी कुटुंब, एक मद्रासी कुटुंब, आणि त्यांच्या मुलांचे प्रेम. नाटकावर चित्रपट काढण्याच्या संदर्भात दिग्दर्शकाने ते नाटककाराकडून ऐकले होते. पुढे १९५६ साली त्याच दिग्दर्शकाचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. त्यातही प्रांतवाद, पंजाबी तरुण आणि मद्रासी तरुणी होती. आनंद न्यायालयात गेले. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयातही हरले. कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांवर कोणाचीही मालकी असू शकत नाही. एकाच कल्पनेचा विकास दोघांनी वेगवेगळ्या रीतीने केला असेल तर साम्ये अपरिहार्य असतात. दोन्ही कृती अनुभवलेल्या वाचक-प्रेक्षकाच्या मनावर दुसरी कृती पहिलीची नक्कल आहे असा निःसंदिग्ध ठसा उमटतो का, हीच खरी कसोटी, असे न्यायालयाने म्हटले. चित्रपटात हुंड्याचा आणि परप्रांतीयाला घर भाड्याने मिळण्याचा प्रश्नही होता. त्यामुळे त्याचा आवाका नाटकाहून वेगळा ठरला.

या निकालास सहमती देताना न्या. पाठक यांनी एक छोटे स्वतंत्र टिपण जोडले आहे. दुसऱ्याच्या बौद्धिक श्रमाचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्याला आपल्या कृतीचा विस्तार करून मूळ कृतीची खूण पुसट करणे नेहमीच शक्य असते, अशा आशयाची अस्वस्थता त्यांनी तेथे व्यक्त केली. खालच्या न्यायालयांचे तथ्यांविषयीचे निष्कर्ष एकसारखे असल्याने त्यांनी हस्तक्षेप केला नाही. ही अस्वस्थता निकालाइतकीच अर्थपूर्ण आहे. नक्कल झाली नाही हे मान्य केल्यावरही काहीतरी शिल्लक राहते, याची कबुलीच त्या टिपणात आहे. ते शिल्लक राहिलेले काय, याचे उत्तर देणे कायद्याच्या कक्षेत नव्हते.

संस्कृत काव्यशास्त्राने मात्र या शिल्लक प्रश्नाचा विचार एका वेगळ्या दिशेने केलेला आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या काव्यांतील साम्याला 'संवाद' म्हटले आणि त्याचे तीन प्रकार सांगितले. आरशातील प्रतिबिंबासारखे साम्य, चित्रासारखे साम्य, आणि दोन देहधारी माणसांत असते तसे साम्य. पहिल्यात स्वतःचा आत्मा नसतो, दुसऱ्यात असला तरी तो क्षुद्र असतो. म्हणून कवीने हे दोन्ही टाळावेत. तिसऱ्याचा त्याग करण्याचे कारण नाही, कारण एक माणूस दुसऱ्यासारखा दिसला म्हणून तो दुसरा होत नाही. त्यानंतर राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दहरण आणि अर्थहरण यांचे सूक्ष्म वर्गीकरण केले. घेणे अटळ आहे, पण घेण्याच्या तऱ्हा सारख्या नाहीत, ही त्याची दृष्टी.

सर्वोच्च न्यायालयाची 'ठशा'ची कसोटी आणि आनंदवर्धनाचा प्रतिबिंबाचा दृष्टांत यांतील साम्य लक्षणीय आहे. परंतु भेद अधिक महत्त्वाचा आहे. न्यायालय विचारते : मूळ लेखकाचे काही गेले का? आनंदवर्धन विचारतो : नव्या काव्यात स्वतःचे काही आले का? पहिला प्रश्न हानीचा आहे, दुसरा निर्मितीचा. पहिल्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर मिळाले, तरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही 'नाही' असू शकते. हानी न करणारी आणि तरीही काही न देणारी कृती कायद्याच्या दृष्टीने निर्दोष, पण साहित्याच्या दृष्टीने निरर्थक असते.

मग कायद्याने कल्पना मोकळी का ठेवली? आशय आणि अभिव्यक्ती खरोखरच वेगळे असतात म्हणून नव्हे. कल्पनेवर मालकी मान्य केली तर पुढचा लेखक लिहूच शकणार नाही, म्हणून. फिख्टे या जर्मन तत्त्वज्ञाने १७९३ मध्ये म्हटले होते की, ग्रंथातील विचार वाचकाने आत्मसात केला की तो त्याचाही होतो. मात्र त्या विचाराला लेखकाने दिलेले रूप त्याचे त्यालाच उरते. या भेदाला सत्ताशास्त्रीय अर्थ आहे की नाही, हा वाद बाजूला ठेवता येईल. त्याला नैतिक अर्थ निश्चित आहे. काय समाईक राहिले पाहिजे याविषयीचा तो निर्णय आहे. समीक्षेने त्याला सौंदर्यशास्त्रीय सिद्धांत समजून खोडून काढण्याचे कारण नाही.

४

प्रताधिकार कायद्याच्या पोटात याखेरीज आणखी एक वेगळा धागा आहे. कलम ५७ लेखकाला काही 'विशेष हक्क' देते. कृती आपली आहे असे सांगण्याचा हक्क, आणि तिची मोडतोड किंवा विकृती होऊन आपल्या प्रतिष्ठेला बाध येत असेल तर ती रोखण्याचा किंवा नुकसानभरपाई मागण्याचा हक्क. आर्थिक हक्क विकून टाकल्यावरही हे हक्क लेखकाकडेच राहतात. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या कादंबरीच्या चित्रपटाचे हक्क दिले होते. त्यावरून तयार झालेल्या 'समय की धारा' या चित्रपटात मूळ कृतीचा विपर्यास झाल्याची तक्रार त्यांनी केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या १९८७ मध्ये निर्णयसंग्रहात आलेल्या निकालाने हे तत्त्व स्पष्ट केले. माध्यमांतरासाठी आवश्यक ते बदल निर्माता करू शकतो, पण करारपत्रामुळे लेखकाचे विशेष हक्क संपत नाहीत. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, तरी २००५ मध्ये न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने कौल दिला. म्हणजे वस्तूची मालकी एकाची, आणि तिच्या अखंडत्वाशी असलेले नाते दुसऱ्याचे, हे कायद्यालाही मान्य आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर ही विशेष हक्कांची तरतूद प्रताधिकाराच्या मुदतीशी बांधलेली राहिलेली नाही आणि लेखकाचे कायदेशीर प्रतिनिधीही ते हक्क बजावू शकतात.

मराठी परंपरेला हा दुसरा धागा मुळीच अपरिचित नाही. किंबहुना पहिल्याच्या कितीतरी आधी तो येथे होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात यापुढे कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद ग्रंथाच्या शेवटी दिली. एकनाथ ज्ञानेश्वरीचे मालक नव्हते, वारसही नव्हते. त्यांचा अधिकार निष्ठावान वाचकाचा होता. प्रती करणाऱ्याला त्यांनी अडवले नाही. उलट ग्रंथ सर्वत्र जावा हीच इच्छा होती. अडवले ते फक्त दुसऱ्याच्या वाणीत आपली वाणी बेमालूम मिसळणाऱ्याला.

तुकोबांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. सालोमालो या नावाने परंपरेला परिचित असलेला कीर्तनकार तुकोबांचे अभंग स्वतःच्या नाममुद्रेने गात असे, असे सांगितले जाते, आणि गाथेत त्याचा उल्लेख करणारे अभंग आहेत. येथे थांबून विचार केला पाहिजे. आपल्या मुखातून निघणारी वाणी आपली नाही, ती विठ्ठलाची आहे, अशी भूमिका घेणाऱ्या कवीने मुद्रा बदलल्याची खंत का करावी? मालकीच्या भाषेत या प्रश्नाला उत्तर नाही. ज्याने मालकीच सोडली त्याचे चोरीला काय जाणार? उत्तर नाममुद्रेच्या स्वरूपात आहे. 'तुका म्हणे' ही शब्दयोजना हक्क सांगत नाही, साक्ष देते. हे शब्द ज्याने जगण्याची किंमत मोजून मिळवले तो त्यांना जबाबदार आहे, एवढेच ती सांगते. सालोमालोने घेतले ते धन नव्हते. न दिलेली साक्ष आपण दिली, असे त्याने श्रोत्यांना भासवले.

म्हणजे या अपराधाचा खरा बळी मूळ लेखक नसून श्रोता असतो. वाङ्मयचौर्य म्हणून ज्याची निंदा केली जाते ते मुळात असत्यकथन आहे, हे एकदा लक्षात आले की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

५

प्रताधिकारभंग आणि असत्यकथन हे दोन अपराध परस्परांपासून किती स्वतंत्र आहेत, हे काही उदाहरणांनी पाहता येईल. एखाद्या विद्यार्थ्याने महागडा ग्रंथ संपूर्ण झेरॉक्स करून घेतला, तर हक्कभंगाचा प्रश्न उद्भवतो. पण त्यात कोणालाही फसवलेले नाही, कारण प्रतीवर लेखकाचेच नाव आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशनसंस्थांनी भरलेल्या खटल्यात, अध्यापनासाठी तयार केलेले पाठ्यसंच कायद्यातील अपवादात बसू शकतात असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले, आणि प्रताधिकार हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, असेही सांगितले. याच्या उलट, एकोणिसाव्या शतकातील एखाद्या मासिकातला विस्मृत निबंध जर कोणी स्वतःच्या नावावर छापला, तर प्रताधिकार केव्हाच संपलेला असल्याने मालमत्तेची हानी होत नाही. असत्यकथन मात्र पूर्ण आहे. मोबदला देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या प्रबंधाचे उदाहरण तर निर्णायक आहे. तेथे मूळ लेखकाने राजीखुशीने लेखन दिले आहे, किंमतही घेतली आहे. चोरी म्हणावी तर धन्याची संमती आहे. तरीही विद्यापीठीय जीवनात याहून मोठा अपराध नाही.

रूपांतरांचा मराठी इतिहासही हेच सांगतो. देवलांचे 'फाल्गुनराव' मर्फीच्या एका इंग्रजी प्रहसनावर आधारलेले, आणि मर्फीचे प्रहसन मोलिएरवर. त्याच 'फाल्गुनरावा'चे पुढे 'संगीत संशयकल्लोळ' झाले. या ऋणांची साखळी अभ्यासकांना ज्ञात आहे आणि ती ज्ञात असल्यामुळे देवलांचे कर्तृत्व उणे होत नाही. त्यांनी नेमके काय नवे केले हे तिच्यामुळेच दिसते. भाषांतराच्या बाबतीत तर जुना कायदा बराच उदार होता. १९१४ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा अनन्य हक्क प्रथम प्रकाशनापासून दहा वर्षांपुरताच ठेवला होता. त्या मुदतीत एखाद्या भाषेत भाषांतर प्रसिद्ध झाले तर त्या भाषेपुरता तो पुढे टिकत असे. देशी भाषांना परस्परांकडून घेता यावे ही दृष्टी त्यात दिसते. पण भाषांतर मोकळे असणे आणि भाषांतराला स्वतंत्र कादंबरी म्हणणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने दिलेली मोकळीक घेण्याची होती, लपवण्याची नव्हती.

आजच्या विद्यापीठीय संशोधनात हा भेद पुसला जातो आहे, ही काळजीची बाब होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्रबंधांतील साम्याच्या पायऱ्या ठरवल्या : दहा टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही, दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर अशा चढत्या श्रेणींना चढत्या शिक्षा. हेतू चांगला आहे, आणि शब्दशः नक्कल रोखण्यास या विनियमांचा उपयोगही आहे. परंतु संगणकाने शब्दांचे साम्य मोजणे म्हणजे प्रताधिकाराच्या कायद्याचीच फूटपट्टी वापरणे होय. ती फूटपट्टी अभिव्यक्ती मोजते, आणि संशोधनात चोरीला जाते ती बहुधा कल्पना. एखाद्या मराठी समीक्षकाने तीस वर्षांपूर्वी मांडलेला सिद्धांत इंग्रजी प्रबंधात वेगळ्या शब्दांत, नामनिर्देशाविना अवतरला, तर साम्याची टक्केवारी शून्य येईल. कायद्याने कल्पना मोकळी ठेवली ती सर्वांना विचार करता यावा म्हणून. प्रबंधलेखकाने तिचा उगम लपवावा म्हणून नव्हे. न्यायालयात जे उत्तर निर्दोष आहे तेच विद्वत्सभेत अपुरे ठरते, कारण विद्वत्सभेत प्रश्न मालकीचा नसून ज्ञानाच्या वंशावळीचा असतो. ही वंशावळ खोटी झाली की पुढच्या अभ्यासकाला विचार कोठून निघाला, कोणत्या वादात घडला आणि कोणत्या आक्षेपांना तोंड देऊन टिकला, हे कळण्याचा मार्गच बंद होतो. आणि मराठीतील विचार इंग्रजीत निनावीपणे शिरतो तेव्हा एका व्यक्तीबरोबरच एका भाषेतील विचारपरंपराही अदृश्य होते.

६

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला उत्तर-संरचनावादी आहे. बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. फूकोने १९६९ च्या निबंधात दाखवले की, संहितांना लेखकाचे नाव चिकटले ते लेखकाला शिक्षा करता यावी या गरजेतून. संहिता जर असंख्य संहितांचे विणकाम असेल, तर ऋण कोणाचे आणि कोणाकडे? या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा रोख अर्थावरील लेखकाच्या सत्तेवर आहे. लेखकाला अर्थाचा धनी मानू नये, एवढेच त्यातून निष्पन्न होते. विणकामातील धागे लपवावेत असे निष्पन्न होत नाही. उलट संहिता आंतरसंहितेतूनच जन्मते असे मानणाऱ्याने तर धागे दाखवण्याची जबाबदारी अधिकच घेतली पाहिजे. शिवाय फूकोचे निदान उलटूनही पाहता येते. शिक्षेसाठी नाव शोधले गेले हे खरे असेल; पण ज्यांची नावे कधी शोधलीच गेली नाहीत त्यांना लेखकपणाच्या मृत्यूचा आनंद कसा व्हावा?

दुसरा आक्षेप येथूनच निघतो. कायदा एका लेखकाची, मूर्त स्वरूपातील, 'स्वतंत्र' कृती ओळखतो. परंपरेने आलेली ओवी, लावणीची चाल, भारुडाचा साचा यांना असा एकच लेखक नसतो. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या स्त्रियांना कायदेशीर हक्क मिळणे कठीण, आणि त्यांच्या ओव्यांची निवड व मांडणी करून ग्रंथ सिद्ध करणाऱ्याला त्या संकलनावर तो मिळू शकतो. संपादनाच्या बाबतीत याच्या उलट विसंगती दिसते. सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात २००७ साली, केवळ श्रमाने प्रताधिकार मिळत नाही, त्यात काही प्रमाणात कौशल्य, विवेक आणि सर्जकता दिसली पाहिजे असे म्हटले. निकालपत्रांतील मुद्रणदोष व विरामचिन्हे सुधारणे एवढ्याने ती दिसत नाही. हा न्याय पाठचिकित्सेला लावला तर काय होईल? विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ व १८७३ साली तुकोबांची गाथा सिद्ध केली, राजवाड्यांनी १९०९ मध्ये जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. अशा संपादकाचे यश कशात? स्वतःचे काहीही न मिसळता मूळ पाठाच्या शक्य तितके जवळ जाण्यात. तो जितका यशस्वी, तितकी त्याच्या पाठातील 'स्वतंत्रता' कमी! सर्वोत्तम संपादक कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ काहीच निर्माण करीत नाही.

या विसंगतींवर उपाय म्हणून मालकीचाच विस्तार करावा, ओवीलाही धनी शोधावा, पाठशुद्धीलाही पेटंटासारखे कुंपण घालावे, असे सुचवले जाते. हा मार्ग धोक्याचा आहे. समाईक ते समाईक राहण्यातच परंपरेचे जीवन आहे. दुसरा मार्ग महाराष्ट्रातच आखला गेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला, आणि ओव्यांसोबत गाणाऱ्या स्त्रियांची व त्यांच्या गावांची नावे नोंदवली. ओवी कोणाच्या मालकीची झाली नाही. पण ती कोणत्या बाईच्या गळ्यातून आली हे आता पुसले जाणार नाही. हक्क न देताही ऋण मान्य करता येते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

७

प्रताधिकाराचा कायदा मर्यादित आहे, आणि तो तसाच असावा. लेखकाला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळावा, प्रकाशकाने किंवा निर्मात्याने त्याला लुबाडू नये, त्याच्या कृतीची विटंबना होऊ नये, एवढ्यासाठी त्याची नितांत गरज आहे. मराठी लेखकांनी आपल्या करारपत्रांकडे जी उदासीनता दाखवली तिची किंमत त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी मोजली आहे, हेही विसरता येत नाही. परंतु वाङ्मयीन सचोटीचा सगळा भार या कायद्यावर टाकला, की दोन अनर्थ होतात. एकीकडे कल्पनेवरही मालकी मागण्याची प्रवृत्ती बळावते आणि पुढच्या लेखकाची वाट अडते. दुसरीकडे कायद्यातून सुटलेल्या प्रत्येक लबाडीला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मिळते.

सालोमालोविरुद्ध आजही कोणता दावा चालणार नाही. कलम ५७ ने नावाचे रक्षण कितीही लांबवले, तरी तुकोबांच्या वतीने न्यायालयात उभा राहील असा कायदेशीर प्रतिनिधी नाही. आणि तरीही साडेतीनशे वर्षांनंतर ते अभंग तुकोबांच्याच नावाने गायले जातात. हे कोणत्याही कायद्याने घडवलेले नाही. ते पोथ्या लिहिणाऱ्यांनी, टाळकऱ्यांनी, संपादकांनी आणि ऐकणाऱ्यांनी घडवले. कोणाची वाणी कोणती, हे ओळखणे आणि ओळखल्यावर ते उघडपणे सांगणे हे त्यांचे काम होते. आज ते काम समीक्षेकडे आणि विद्यापीठातील मराठी विभागांकडे आले आहे. टक्केवारी मोजणाऱ्या यंत्राकडे ते सोपवता येणार नाही.